सामाईक थैलीचा वाटा कोणास? लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा जुना हिशेब

वाचन : प्रेषितांची कृत्ये 4:32–37 व 6:1–6, करिंथकरांस दुसरे पत्र 8:16–21



मंडळीच्या पैशाविषयी बोलावयाचे झाले की पुष्कळांस संकोच वाटतो. प्रार्थना, उपदेश, संस्कार ह्यांविषयी आपण मोकळेपणाने बोलतो. पण पेटीत किती जमले, कोणी खर्चिले व कोणास विचारून खर्चिले, हा प्रश्न निघाला की सभेत सामसूम होते. वरील उताऱ्यांत असा संकोच कोठे दिसत नाही. यरुशलेमेतील विश्वासणाऱ्यांनी जमिनी विकून पैसा प्रेषितांच्या पायांशी ठेवला ही गोष्ट लूक जितक्या उघडपणे सांगतो, तितक्याच उघडपणे तो विधवांच्या रोजच्या वाटणीवरून उठलेली कुरकूरही सांगतो. पौलही देणगी एकट्याच्या हाती सोपवीत नाही. मंडळ्यांनी निवडलेला बंधू तो तीताबरोबर धाडतो.

सामाईक धन जमविणे एक वेळ सोपे. ते शेकडो वर्षे सामाईक ठेवणे फार कठीण. त्याचा वाटा ज्याचे नाव पटावर आहे त्या प्रत्येकास द्यावा, की जो सेवेस हजर राहतो त्यासच द्यावा? जमीन ज्याच्या ताब्यात दिली तो तिचा धनी की राखणदार? आजच्या पंचांनी आपला लाभ पाहून पुढच्यांचे नुकसान केले तर त्यांस कोण अडविणार? ह्या प्रश्नांचा अभ्यास करण्यासाठी आपण इंग्लंडातील एका जुन्या मंडळीचे दप्तर उघडून पाहू. ती मंडळी म्हणजे लंडन शहरातील सेंट पॉलचे कॅथीड्रल. तिचे कागद पुष्कळ टिकले आहेत आणि त्यांत चांगल्या व वाईट दोन्ही गोष्टी लिहिलेल्या आहेत, म्हणून तिची निवड केली.

इ. स. 604 मध्ये मेलिटस हा लंडनचा बिशप झाला आणि केंटचा राजा एथेलबर्ट ह्याने त्याच्यासाठी पौल प्रेषिताच्या नावाने मंदिर बांधून दिले. बिशपाची गादी ज्या मंदिरात असते त्यास कॅथीड्रल म्हणतात. इंग्लंडात मध्ययुगी अशी कॅथीड्रले दोन प्रकारची होती. कँटरबरी, डरहॅम, विंचेस्टर इत्यादी ठिकाणी मठवासी संन्यासी सेवा चालवीत; त्यांस नियमाप्रमाणे स्वतःचे असे काहीच ठेवता येत नसे. दुसऱ्या प्रकारात मठ नसे. तेथे कॅनन नावाचे पाळक असत. त्यांची सभा ती चॅप्टर, आणि सभेचा प्रमुख तो डीन. सेंट पॉल ह्या दुसऱ्या प्रकारचे होते.

कॅननांनीही एकत्र राहावे असा प्रयत्न पूर्वी झाला होता. आठव्या शतकात मेट्झचा बिशप क्रोडेगांग ह्याने त्यांच्यासाठी एक नियमावली केली. 1050 साली बिशप लिओफ्रिक ह्याने आपली गादी एक्सेटर येथे नेली तेव्हा त्याने हीच रीत तेथे लाविली. कॅननांनी एका पंक्तीस जेवावे, एका दालनात निजावे, आणि कारभाऱ्याने त्यांस रोजचे अन्न व सालाचे वस्त्र पुरवावे, अशी ती व्यवस्था होती. परंतु ती फार दिवस टिकली नाही. कॅननांस वेगळी घरे व वेगळे उत्पन्न हवे होते, आणि बाराव्या शतकापर्यंत जवळजवळ सर्वत्र तशी वाटणी होऊन गेली.

वाटणीची पहिली रेघ बिशप व कॅनन ह्यांच्यामध्ये पडली. 1086 साली विल्यम राजाने इंग्लंडच्या जमिनींची मोठी पाहणी करविली. तिच्या नोंदीत, ज्यास डूम्सडे बुक म्हणतात, लंडनच्या बिशपाच्या जमिनी वेगळ्या आणि सेंट पॉलच्या कॅननांच्या जमिनी वेगळ्या मांडल्या आहेत. दुसरी रेघ कॅननांच्या आपसांत पडली. सेंट पॉल येथे तीस कॅनन होते, आणि प्रत्येकास एकेक लहान जहागीर नेमून दिलेली होती. तिला प्रेबेंड म्हणत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पुरवावयाची वस्तू, आपल्या भाषेत शिधा, असा होतो. पुढे शिध्याचे नाव शिधा पिकविणाऱ्या जमिनीस पडले. इझलिंग्टन, हॉक्स्टन, सेंट पँक्रस, फिन्सबरी, नीझडन, विल्सडन ही आज लंडन शहरात गडप झालेली ठिकाणे त्या वेळी शेते व कुरणे होती, आणि प्रत्येकाच्या नावाने मंदिरात एक आसन होते. स्तोत्रसंहितेतील दीडशे स्तोत्रेही ह्या तीस आसनांस वाटून दिली होती. प्रत्येकाने रोज पाच म्हणावी, म्हणजे सर्व मिळून रोज संपूर्ण संहिता देवापुढे म्हटली जाई. स्तोत्रे सर्वांस सारखी मिळाली. जमिनी मात्र सारख्या मिळाल्या नाहीत. कोणाचे प्रेबेंड भरघोस, कोणाचे अगदी बेताचे.

ही झाली वेगळी मिळकत. हिच्याखेरीज जी मिळकत अविभक्त राहिली तिला लॅटिनमध्ये कम्यूना, म्हणजे सामाईक निधी, असे नाव होते. आपल्या अभ्यासाचा खरा विषय हाच. एसेक्स परगण्यातील टिलिंगहॅम, नेव्हस्टॉक, हेब्रिज, बार्लिंग आणि समुद्रकाठची थॉर्प, कर्बी व वॉल्टन. हर्टफर्डशायरमधील आर्डली व सँडन. तिकडे उत्तरेस कॅडिंग्टन व केन्सवर्थ. टेम्स नदीकाठचे बार्न्स, अशी कितीतरी गावे ह्या निधीत होती. त्यांचे पीक कोणा एका कॅननाचे नसून साऱ्या मंडळीचे होते.

आरंभी ह्या गावांकडून मुख्यतः धान्य येई. अमुक गावाने वर्षातून अमुक इतक्या आठवड्यांचे अन्न पुरवावे, असे ठरलेले असे. म्हणजे वर्षाचे आठवडे गावांवर वाटून दिलेले होते. आपल्या खेड्यांत पूर्वी बलुत्याचे धान्य खळ्यावर मोजून घेत, त्यावरून वाचकांस ही पद्धत समजण्यास अडचण पडू नये. गाव ठरीव मक्त्याने एखाद्यास चालविण्यास देत, आणि मक्तेदार पुष्कळदा चॅप्टरचाच एखादा कॅनन असे. ठरीव मक्त्याला लॅटिनमध्ये फर्मा म्हणत. शेत ह्या अर्थाचा इंग्रजी फार्म हा शब्द त्यापासूनच निघाला.

मक्त्याचे बाराव्या शतकातील काही करार शिल्लक आहेत, आणि ते वाचण्याजोगे आहेत. केन्सवर्थ, सँडन, आर्डली इत्यादी गावांतील कोठारे किती फूट लांब, किती रुंद व किती उंच आहेत हे त्यांत मोजून लिहिले आहे. कोणत्या कोठारात गहू आहे, कोणत्यात ओट आहेत, ते कोठवर भरले आहे, बैल किती, घोडे किती, मेंढ्या किती, हेही आहे. मुदत संपेल तेव्हा मक्तेदाराने सर्व काही मिळाले तसेच परत करावयाचे. चॅप्टरातील बंधूशी करार करितानाही त्यांनी कोठाराची उंची मोजली! ह्यात अविश्वास होता असे मला वाटत नाही. पंधरा वर्षांनी मक्तेदार मेला, जुने पंचही गेले, तर कोठार भरलेले होते की रिकामे हे कोण सांगणार? लिहून ठेवल्याने जिवंतांचा तंटा टळतो आणि मेलेल्यांची अब्रू राहते.

1180 साली राल्फ द डिसेटो हा सेंट पॉलचा डीन झाला. हा मनुष्य इतिहासकार होता. त्याने आपल्या बखरींच्या समासांत लहान लहान चिन्हे काढून ठेविली, जेणेकरून राजांची भांडणे, मंडळीवरील संकटे इत्यादी विषय वाचणारास चटकन सापडावे. अशा नेटक्या माणसाच्या हाती कारभार आल्यावर काय झाले? गादीवर येताच, 1181 च्या जानेवारीत, त्याने चॅप्टरच्या गावांची पाहणी करविली. गावाची आकारणी किती, राजास काय द्यावे लागते, खुद्द मालकाच्या वहितीची जमीन किती, कुरण व रान किती, कुळे किती व त्यांचा खंड किती, हे विचारले गेले. गावांतील देवळांच्या उत्पन्नाचीही चौकशी झाली. पुढे 1189 मध्ये लंडनच्या गादीवर जो बिशप आला तो रिचर्ड फिट्झनील, म्हणजे राजाचा खजिनदार आणि राजकोशाच्या कारभारावर ग्रंथ लिहिणारा गृहस्थ. हिशेबाची जाण असलेली अशी दोन माणसे एका मंदिरात एकाच काळी क्वचितच आढळतील.

डिसेटोच्या पाहणीचा थोडाच भाग उरला आहे. परंतु 1222 साली डीन रॉबर्ट ह्याच्या वेळी झालेली दुसरी पाहणी चांगली टिकली आहे. गावोगाव तेथीलच माणसांस शपथ घालून साक्ष घेतली गेली. अमक्याने मक्ता घेतल्यापासून गाव सुधारले की बिघडले, रान किती तुटले, नांगर किती चालू शकतात व त्यांस बैल व घोडे किती लागतात, असे प्रश्न होते. मक्तेदार वरिष्ठ कॅनन असो की कोणी असो, त्याच्या कारभाराची साक्ष शेतकऱ्याने द्यावयाची! मोठ्या माणसांनी आपसांत कागद रंगविण्यापेक्षा ही रीत पुष्कळ चांगली होती, हे कोणीही कबूल करील.

परंतु त्याच नोंदीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. तिच्यात कुळांची नावे एकामागून एक लिहिली आहेत. त्यांत विधवाही आहेत. प्रत्येकापुढे त्याची जमीन व त्यावरील ओझे लिहिले आहे : इतके दिवस नांगरणी, इतके दिवस कापणी, इतकी मळणी, आणि लंडनपर्यंत धान्याची ने-आण. ह्यांपैकी पुष्कळजण बांधील कुळे होती. मालकाच्या परवानगीवाचून त्यांस गाव सोडता येत नसे. वेठ म्हणजे काय हे आपल्या वाडवडिलांस ठाऊक होते. सामाईक निधी म्हणावयाचा खरा, पण तो कॅननांत सामाईक होता. ज्याने तो पिकविला व गाडीत घालून लंडनला पोहोचविला त्यास त्या पंक्तीत पान नव्हते. पहिल्या मंडळीचे वर्णन वाचून मग ही नोंद वाचणारास हे अंतर जाणवल्यावाचून राहणार नाही.

लंडनला धान्य पोहोचल्यावर त्याचे काय होई? मंदिराच्या आवारात चॅप्टरची भट्टी होती. तेथे पाव भाजीत, आणि एल नावाची धान्याची सौम्य दारू गाळीत. 1286 सालचा दारूखान्याचा हिशेब सापडला आहे. त्या वर्षी 175 क्वार्टर गहू, तितकेच जव आणि 708 क्वार्टर ओट वापरून 67,814 गॅलन एल तयार झाली. क्वार्टर म्हणजे आठ बुशेलांचे माप. आकडा पाहून दारूबंदीचे कार्य करणारे आपले बंधू दचकतील. त्यांनी इतके ध्यानात घ्यावे की त्या काळी त्या देशात ही एल रोजच्या जेवणातील पेय होती, आणि ती कॅनन व त्यांचे नोकरचाकर अशा मोठ्या पंक्तीत वाटली जाई. माझे लक्ष दारूपेक्षा त्या शेवटच्या 14 गॅलनांकडे जाते. सुमारे अडुसष्ट हजार म्हणून हिशेबनिसाने विषय संपविला नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. वाटा कोणास? तीस कॅननांपैकी पुष्कळजण लंडनात राहत नसत. कोणी राजाच्या कचेरीत, कोणी बिशपाच्या कामावर, कोणी दूरदेशी विद्यापीठात, तर कोणी एकाच वेळी तीन-चार ठिकाणची प्रेबेंडे उपभोगीत. प्रेबेंडाचे उत्पन्न त्यांस घरबसल्या मिळे. त्यांच्या जागी गायन-प्रार्थना चालविण्यास व्हिकार नावाचे गरीब पाळक थोड्या वेतनावर ठेविलेले असत. काम एकाचे व भाकर दुसऱ्याची, अशी ही स्थिती. निदान सामाईक निधी तरी हजर राहणारासच मिळावा असे डिसेटोस वाटले. 1192 साली त्याने निवासाविषयी नियम केला : जो कॅनन मंदिराजवळ राहून सेवा करील त्यासच निवासी म्हणावे आणि सामाईक निधीचा मोठा वाटा त्याने घ्यावा. निवासी होऊ इच्छिणाराने पहिले वर्ष खंड न पाडता हजर राहिले पाहिजे, आणि त्या वर्षी आपल्या पंक्तीस मंदिरातील लहानथोर सेवकांस जेवू घातले पाहिजे, अशी अट होती.

नियमाचा हेतू निर्मळ होता ह्यात शंका नाही. जो घेतो त्याने द्यावेही, आणि ज्यास व्हिकार म्हणून हिणवितो त्याच्याबरोबर जेवावे, ह्यापेक्षा चांगले काय? पण पुढच्या दोन शतकांत त्या जेवणावळी वाढत गेल्या. व्हिकारांची साधी पंक्ती मागे पडून बिशप व शहरातील बडे लोक ह्यांच्या मेजवान्या पुढे आल्या, आणि पहिल्या वर्षाचा खर्च शेकडो मार्कांवर गेला. मार्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स. त्या काळच्या गरीब पाळकास वर्षाकाठी पाच-सहा पौंड मिळणे हेही पुष्कळ होते. साहजिकच गरीब अथवा मध्यम स्थितीतील कॅननास निवासी होणे अशक्य झाले. आणि जे आधीच निवासी होते त्यांस ह्याचे दुःख वाटण्याचे कारण नव्हते, कारण वाटेकरी जितके कमी तितका वाटा मोठा! निवासी कॅनन बोटांवर मोजण्याइतके उरले. शेवटी चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा तंटा दुसरा रिचर्ड राजा ह्याच्यापर्यंत गेला, आणि पहिल्या वर्षीच्या खर्चास मर्यादा घालावी लागली.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करावा. हजर राहणारास अधिक मिळावे हा नियम आपणांस न्याय्य वाटतो. परंतु हजर राहण्याच्या दारावर जो कर बसला तो मोजला पाहिजे. आपल्या मंडळीत पंच निवडताना, जो लग्नकार्यात सर्वांस जेवू घालू शकतो, ज्याच्या घरी पाहुण्यांस उतरविता येते, त्याचेच नाव वारंवार पुढे येते की नाही? लेखी नियम तसा कोठेही नसतो. सेंट पॉलमध्येही आरंभी नव्हता.

व्हिकारांचे काय झाले तेही सांगितले पाहिजे. मूळ तीस कॅननांचे तीस व्हिकार होते. त्यांचे उत्पन्न तुटपुंजे, आणि धान्य महाग झाले तरी वेतन तेच. संख्या घटत घटत सोळाव्या शतकात सहांवर आली. त्यांच्याहून वरच्या दर्जाचे बारा लघु-कॅनन मात्र शहाणे निघाले. त्यांनी 1394 साली राजाची सनद मिळवून आपली वेगळी संस्था, वेगळी मिळकत व एकत्र भोजनगृह उभे केले. म्हणजे मोठ्या कॅननांनी जे सामाईक जीवन टाकून दिले होते, ते त्यांच्या हाताखालच्यांनी गरजेपोटी पुन्हा उचलले.

हिशेब ठेवण्याच्या पद्धतीविषयी थोडे लिहितो. कॅथीड्रलात ट्रेझरर नावाचा मोठा अधिकारी असे. नावावरून तो खजिनदार असेल असे वाटते, पण त्याच्याकडे पैसा नसून पवित्र पात्रे, वस्त्रे व दिवे-मेणबत्त्या ह्यांची राखण असे. सेंट पॉलमध्ये सामाईक पैशाची घेवदेव चेंबरलेन पाही. साल साधारणपणे 29 सप्टेंबरच्या मायकेलमस सणास, सुगी आटोपल्यावर, संपे. हिशेब चर्मपत्राच्या लांब गुंडाळीवर रोमन आकड्यांत लिहीत. आधी जमा, म्हणजे ज्याबद्दल तो जबाबदार आहे ती सर्व रक्कम, मग खर्च, आणि उरेल ते त्याचे देणे. गावच्या कारभाऱ्यास बहुधा लिहिता येत नसे. तो लाकडी पट्टीवर खाचा पाडून आकडा धरी, आणि पट्टी उभी चिरून एक भाग देणाराकडे व एक घेणाराकडे राही. दोन्ही भाग जुळविले की खाचा जुळल्याच पाहिजेत. एकट्याने लबाडी करणे शक्य नसे. राजाच्या खजिन्यातही हीच पद्धत होती. तेथील जुन्या पट्ट्या 1834 साली भट्टीत जाळू गेले तेव्हा पार्लमेंटचा वाडाच जळाला! हिशेब तपासणे ह्यास इंग्रजीत ऑडिट म्हणतात, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकणे असा आहे. हिशेब मोठ्याने वाचीत आणि ऐकणारे प्रश्न विचारीत. ज्या मंडळीत थोड्यांसच वाचता येते तिच्यासाठी ह्याहून सोयीची रीत नाही.

इमारतीचा पैसा पोटाच्या पैशात मिसळू नये, ही दक्षताही पुष्कळ ठिकाणी घेत. एक्सेटर येथे मंदिराच्या पुनर्बांधणीचा हिशेब अगदी वेगळा ठेवीत, आणि 1279 पासूनच्या त्याच्या गुंडाळ्या उरल्या आहेत. दगड, लाकूड, शिसे, काच, गवंड्यांची आठवड्याची मजुरी, सारे त्यांत आहे. शिवाय बिशप व कॅनन ह्यांनी आपल्याच उत्पन्नातून त्या कामास वर्षानुवर्षे वर्गणी दिली हेही त्यांत दिसते. ते मंदिर आजही उभे आहे.

1348–49 साली इंग्लंडात प्लेगची मोठी साथ आली आणि पुष्कळ लोक मेले. नांगरास माणूस मिळेना, मजुरी वाढली, जमिनीचे उत्पन्न घटले. ज्यांनी मृतांसाठी नित्य मिस्सा व्हावी म्हणून पैसा ठेविला होता, त्यांच्या देणग्या आता एका पाळकाच्या पोटासही पुरेनात. मृतांसाठी मिस्सा करण्याची ही समजूत आपण मानीत नाही. पण तिच्या कारभारातील अडचण कोणत्याही देणगीस लागू पडते. देणारा रक्कम ठरवून जातो, आणि रकमेचे मोल त्याच्या मागे घसरत राहते. 1391 साली बिशप ब्रेब्रूक ह्याने सेंट पॉलमधील अशा अनेक दुबळ्या देणग्या एकत्र जोडल्या, म्हणजे दोघातिघांच्या मिळून एकाचा निर्वाह होऊ लागला. 1547 मध्ये सहाव्या एडवर्डच्या राज्यात त्या सर्वच सरकारजमा झाल्या.

गावांची व्यवस्थाही पालटली. धान्य व वेठ जाऊन रोख खंड आला, आणि लांब मुदतीचे पट्टे होऊ लागले. सोळाव्या शतकात महागाई भडकली तेव्हा जुन्या पट्ट्यांचा खंड मात्र तोच. मग एक वाईट युक्ती रूढ झाली. वार्षिक खंड वाढविण्याऐवजी, पट्टा नवा करिताना एकरकमी मोठा नजराणा घ्यावयाचा, आणि तो त्या वेळी जे कॅनन असतील त्यांनी आपसांत वाटून घ्यावयाचा. खंड निधीचा, नजराणा माणसांचा. पुढे येणारास वर्षानुवर्षे चिमूटभर खंडावर राहावे लागे. 1571 साली पार्लमेंटने कायदा करून असे पट्टे एकवीस वर्षे अथवा तीन हयातींपुरते मर्यादित केले. पण नजराण्याची रीत बंद झाली नाही.

फिन्सबरीच्या प्रेबेंडाची हकीकत ह्या बाबतीत फार बोलकी आहे. 1315 साली तेथील प्रेबेंडधारकाने ही जमीन लंडनच्या नगरपालिकेस वर्षाला वीस शिलिंग खंडाने दिली. तेव्हा ती शहराच्या भिंतीबाहेरची दलदल होती; वीस शिलिंगांत कोणी नुकसान मानले नसेल. शहर वाढले, भिंतीबाहेर पसरले. त्याच जमिनीत बनहिल फील्ड्स नावाची दफनभूमी झाली, आणि 1688 साली यात्रिकाचा प्रवास लिहिणारा जॉन बन्यन तेथे पुरला गेला. 1768 मध्ये पार्लमेंटच्या संमतीने 99 वर्षांचा नवा पट्टा झाला. तोवर ती जमीन घरांनी व रस्त्यांनी भरू लागली होती, आणि तिच्या उत्पन्नाचा धारकाच्या मंदिरातील सेवेशी काहीएक संबंध उरला नव्हता. त्याच शहरात दाट वस्तीच्या गरीब पेठांतून पाळक ठेवण्यास पैसा नव्हता.

मध्यंतरी 1649 साली पार्लमेंटने डीन व चॅप्टर ही व्यवस्थाच मोडून जमिनी विकल्या; 1660 मध्ये राजा परत आल्यावर त्या परत मिळाल्या, आणि कारभार पूर्वीच्याच वळणावर गेला. 1666 च्या आगीत जुने मंदिर जळाले. नवे बांधण्यास चॅप्टरचा निधी पुरण्यासारखा नव्हता, लंडनमध्ये येणाऱ्या दगडी कोळशावर कर बसवून ते बांधावे लागले.

खरी सुधारणा एकोणिसाव्या शतकात झाली. 1836 साली मंडळीच्या मिळकतींसाठी एक सरकारी कमिशन स्थापन झाले, आणि 1840 च्या कायद्याने असे ठरले की, जे कॅनन मंदिरात राहत नाहीत त्यांच्या जागा रिकाम्या होतील तसतशी त्यांची प्रेबेंडे कमिशनकडे जावी व त्यांचे उत्पन्न एका सामाईक निधीत पडून गरीब पॅरिशांच्या पाळकांस मिळावे. ह्यास विरोध करणारांत सेंट पॉलचाच कॅनन सिडनी स्मिथ हा प्रमुख होता. हा मोठा विनोदी लेखक. ह्यानेच 1808 साली बंगालमधील विल्यम केरी व त्याच्या सोबत्यांच्या कार्याची एका इंग्रजी त्रैमासिकात थट्टा केली होती. मोठ्या वेतनाच्या थोड्या जागा असल्या तरच हुशार माणसे मंडळीत येतात, सगळ्यांस सारखे वाटले तर सगळेच भिकारी राहतील, असे त्याचे म्हणणे. हे म्हणणे मला पटत नाही. तरी न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, मंदिराच्या दुरुस्तीचे हिशेब तपासण्यात हाच स्मिथ अत्यंत कसोशीचा होता, आणि ठेकेदार त्यास वचकून असत.

कायदा झाला. ज्यांची प्रेबेंडे होती त्यांस ती मरेपर्यंत उपभोगू दिली. कोणाचे तोंडचे काढून घेतले नाही. 1867 मध्ये फिन्सबरीचा 99 वर्षांचा पट्टा संपला आणि ती साडेपाचशे वर्षांपूर्वी वीस शिलिंगांस गेलेली जमीन कमिशनच्या ताब्यात आली. 1948 साली हे कमिशन गरीब पाळकांच्या साहाय्यासाठी असलेल्या दुसऱ्या एका जुन्या निधीशी जोडले गेले, आणि दोहोंचा एकच कारभार झाला. सेंट पॉलच्या मंदिरात तीस प्रेबेंडांची आसने अद्याप आहेत, व त्यांवर इझलिंग्टन, हॉक्स्टन, फिन्सबरी ही नावेही आहेत. त्या आसनांवर नेमलेल्यांस जमीन नाही, वेतनही नाही. प्रत्येकाच्या वाट्याची पाच स्तोत्रे मात्र पूर्वीचीच आहेत.